अर्ध्या ओठाची थाप

चि. दंतवैद्य भाचेराव,

आशीर्वाद आहेतच.

माझी उजवी अक्कलदाढ तू काढलीस त्याला सात महिने झाले, आणि खालचा अर्धा ओठ अजून बधिर आहे. हजारात एखाद्याची नस अशी दुखावते, असं तू बजावलं होतंस. तो मान मामाला मिळाला. चहा हनुवटीवर ओघळतो आणि माझा संस्कृतचा वर्ग फळ्यावरच्या शब्दरूपांऐवजी तो थेंब पाहत बसतो.

नंतरच्या तपासणीत बधिरपणा गेला का ते बघायला, डोळे मिटायला लावून तू ओठावर कापूस फिरवलास, तेव्हा पापण्यांच्या फटीतून बघून मी ‘कळलं’ म्हणालो. तुझा पहिलाच रुग्ण होतो ना.

आणि आता, कर्म माझं, तू म्हणतोस, “मामा, ती इतकी छान निघाली, उद्या डावीही काढून टाकू.”

हे पत्र पाठवलं तर तुझा हात थरथरेल, आणि त्या हाताखाली मलाच बसायचंय.

तुझा, तूर्त अर्धाच बधिर,
मामा