पंखा बंद ठेव

६ मार्च, सकाळ

ती. दादा,

नमस्कार दुरूनच. वाकले की डोळ्यांत कळ येते, आणि तू म्हणशील, झालं हिचं सुरू. वहिनीला आणि पोरांना माझी आठवण सांग. मावशी बरी आहे. तिचे गुडघे कुरकुरतात आणि ती त्यांच्याहून जास्त. माझा पलंग तिने खिडकीच्या वाऱ्यापासून लांब सरकवून दिलाय. एक प्रश्न विचारला नाही.

तुझा फोन मी मुद्दामच उचलत नाही. फोनवर तू मध्येच बोलतोस. पत्र तरी शेवटपर्यंत वाचशील.

पहिली बातमी म्हणजे नव्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. त्यांनीही पापणीत कागदाची पट्टी अडकवली आणि तीही चांगली ओली झाली. मला वाटलं, आता याही म्हणणार, पाणी तर आहे, मग डोळे कोरडे कसले? पण बाई म्हणाल्या, "आता जरा वेगळं बघू." एका दांडीतून बारीक नायलॉनचा धागा काढला आणि त्याचं टोक बुबुळाला लावलं. धागा लांब सोडला की लवतो, आखूड धरला की टोचतो, हे आपल्यासारख्या रफूवाल्यांना काय सांगायचं! बहुतेकांना तो लांब धागा लागलेला कळतही नाही म्हणे. मी खुर्चीतून उडालेच. मग बधिर करायचे थेंब घातले, तरी आग अर्धीच गेली. बाई म्हणाल्या, "तुमच्या डोळ्यांच्या नसाच हुळहुळ्या झाल्यात. चोर पळाला तरी कुत्रं भुंकत राहतं ना, तसं. पण दुखणं खरं आहे."

दादा, मी तिथेच रडले. 'खरं आहे' एवढं ऐकूनच रडले. रडल्यावर पुन्हा झोंबलं, ते सोड.

आता तुझ्या पराक्रमाकडे येते. माझ्या थेंबांच्या बाटलीत तू उकळून गार केलेलं पाणी भरून ठेवलंस. आठवडाभर मी तेच डोळ्यांत घालत होते, आणि तू रोज विचारायचास, "कसंय आज?" मी म्हणायचे, "तसंच आहे रे." मला वाटायचं, दादा चौकशी करतोय. केवढी हुरळून गेले होते मी!

हे ऐकून डॉक्टरीणबाई आधी तुझ्यावर भडकल्या. असल्या पाण्याने डोळा जायचा, म्हणाल्या. मग शांत झाल्यावर म्हणाल्या की औषधानेही फरक पडत नव्हता, कारण बिघाड नसांमध्ये आहे, नुसतं वरून ओलं करून तो जाणार नाही. म्हणजे तुझा पुरावा माझ्याच बाजूने निघाला की! घ्या!

पण राग पाण्याचा नाहीये. इतका वेळ इकडचं तिकडचं लिहीत बसले, ते हे लिहायला नको म्हणून. तू ते दुकानात, कोट रफूला टाकायला आलेल्या बाईंसमोर सांगितलंस. हसत हसत. "औषध काय नि पाणी काय, हिला सगळं सारखंच. पंखा बंद करून घ्यायची नाटकं नुसती." त्याही हसल्या. मी तिथेच सुई हातात धरून बसले होते. आई-बाबा गेल्यावर तुझ्याशिवाय मला होतं कोण रे? डोळ्यांत मिरची घातली असतीस तरी चाललं असतं. त्याच संध्याकाळी पिशवी उचलून इथे आले.

आणि आता वहिनी सांगते, खिडकीजवळची माझी खुर्ची काढून तू तिथे शिलाई मशीन बसवणार आहेस. खबरदार! रफू शिकवायला बाबांनी त्या खुर्चीवर मला बसवलं होतं, तुला नाही, कारण तुझं बूड एका जागी टिकायचं नाही. उपचार सुरू झालेत. वेळ लागेल, आणि पूर्ण बरं होईलच असं डॉक्टरीणबाईंनी काही कबूल केलेलं नाही. होवो न होवो, मी तिथेच बसणार. माझ्या डोक्यावरचा पंखा बंद राहील. तुम्हाला उकडलं तर दाराजवळचा लावा आणि तिकडे बसा.

शनिवारी येते. त्या दिवशी कोटवाल्या बाई कोट न्यायला येणार आहेत ना? कोट शोधत बसू नकोस, तो माझ्याकडे आहे. बाहीवर केवढं भोक होतं, तू स्वतः त्यात बोट घालून त्यांना दाखवलं होतंस. मावशीच्या खोलीत खिडक्या लावून, डोळे मिटत-उघडत, थांबत थांबत मी ते बुजवलंय. बाईंसमोर कोट टेबलावर पसर आणि भोक कुठे होतं ते शोधून दाखव. सापडलं तर खुर्ची तुझी, खुशाल मशीन बसव. नाही सापडलं, तर त्यांच्यासमोरच मला सांग, दिसत नाही म्हणजे ते नव्हतंच का?

आणि हसू नकोस.

तुझीच,
नाटकी