सणाची पाळी

प्रिय आईला,
बुसानहून बोराचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. पण बाबा गेल्यानंतरच्या या पहिल्या चुसोकला, पितरांच्या सणाला, मला घरी येता येणार नाही. दवाखान्यात सणाची पाळी पुन्हा माझीच लागली. मुख्य नर्सबाई म्हणाल्या, "तुला ना नवरा ना पोरं, तू मोकळीच की!"

माझ्याबरोबरच्या नर्स मिरानला सणाला सासरी राबायचा कंटाळा. ती म्हणाली, "हिच्याऐवजी मी थांबते." तर बाई तिच्यावरच उखडल्या, "सून सणाला घरी नाही? लोक काय म्हणतील!"

तुझा गुडघा कसा आहे? बाबांच्या फोटोपुढे नैवेद्याची पानं मांडायला कुणाला तरी बोलाव.

लग्न कर म्हणतेस. केलं तर सणाची सुट्टी मिळेल गं, पण ती सासरी जायला.

तुझीच,
बोरा