काकांनी वाघाला जिंकवलं

३ जून
चि. चिमण यास ताईचे अनेक आशीर्वाद.
बाबा घसरून पडले त्याला सात आठवडे झाले. खुब्याचं हाड जुळलं आहे. डॉक्टर म्हणतात, या महिन्यात उठून चालायला लागले तर ठीक, नाहीतर कायमचे अंथरुणाला खिळतील. मी सांगून थकले, ओरडूनही थकले. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहतात.
ते उठले तर एकाच कामासाठी उठतील. काकांचं, म्हणजे तुझ्या वडिलांचं, पत्र आलं की नेहमी टेबलाशी बसूनच उत्तर लिहायचे. आडवं पडून लिहिलं की मुद्दे ढिले होतात, म्हणे. तीस वर्षं दोघे भाऊ एकाच प्राणिसंग्रहालयात, बाबा वाघांकडे आणि काका सिंहांकडे. झुंज लागली तर कोण जिंकेल, हा वाद निवृत्तीनंतर पत्रांत आला. दोन म्हाताऱ्यांना दुसरा उद्योग नाही. पण काकांचं पत्र तीन महिन्यांत नाही. त्यांच्या मागे लाग. चांगलं झोंबेल असं लिहू देत.
लोभ आहे, पण उत्तर लवकर हवं.
ताई

९ जून
ती. ताईस सा. न. वि. वि.
आमचे बाबा हल्ली विसरतात. काल चहाची किटली कपड्यांच्या कपाटात सापडली. तुला कळवलं नाही. तू झापशील अशी भीती होती, शिवाय लिहायला बसायचं त्राणही नव्हतं. तीन दिवस मागे लागलो तेव्हा अर्धं पान झालं. पुन्हा मागून घेतील म्हणून तसंच पाकिटात घातलं. सोबत आहे.
रागावलीस तरी माया राहू दे.
चिमण

१६ जून
चि. चिमण,
न वाचता पाठवलंस? काकांनी लिहिलंय, दादाचं बरोबर आहे, वाघच जिंकेल.
बाबांनी दोनदा वाचलं. मला वाटलं खूश होतील. त्यांनी विचारलं, त्याला काय झालंय, खरं सांग. सांगितलं. दोन दिवस धड जेवले नाहीत. मीही नाही.
तिसऱ्या दिवशी सकाळी हाक मारली, खुर्ची सरकव म्हणाले. पाऊण तास बसले, घामाघूम झाले, मला हात लावू दिला नाही. पत्र सोबत आहे. ते मी वाचलं आहे. बाबांनी सिंहाची बाजू घेतली आहे. आयाळीने मान वाचते, सिंह लहानपणापासून भांडत वाढतो, हे सगळे काकांचेच जुने मुद्दे. वर लिहिलंय, वाघाची वकिली तुला झेपणार नाही.
काकांना मोठ्याने वाचून दाखव. तुझी तब्येत सांभाळ, हा हुकूम समज.
ताई

२३ जून
ती. ताईस सा. न. वि. वि.
वाचून दाखवलं. आमचे बाबा भडकलेच. जन्मभर वाघाला खाऊ घातलं आणि म्हातारपणी फिरला, दादाला सिंहातलं काय कळतं, असं म्हणत कागद मागितला. लिहिताना मला दोनदा विचारलं, तू कोण. दादा कोण, हे एकदाही विचारलं नाही.
या वेळी वाचून पाठवतो आहे. चार पानं आहेत. पहिल्या दोनांत वाघ जिंकतो, पुढच्या दोनांत सिंह. थोरल्या काकांना दोन्हीकडून उत्तर द्यावं लागेल. वेळ लागेल, तेव्हा त्यांच्या खुर्चीत उशी ठेव.
तुझाच,
चिमण