शेवटचा परिच्छेद

प्रिय खुसपट,

‘साहेब’ लिहायला हवं होतं, पण हात वळेना. दाराबाहेर पाटी, आत पडदे, टेबलावर काच आणि काचेखाली स्वतःचाच फोटो, असा तुझा थाट आहे म्हणे. आपला फोटोग्राफर बघून आला. चहासुद्धा बशीसकट येतो. इथे पेपरच्या ऑफिसात माझ्या कपातला अर्धा चहा ढोसायचास आणि नगरपालिकेचं नाव काढलं की तुझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तिथून आलेल्या प्रत्येक कागदात खुसपट काढायचास, म्हणून तर हे नाव पडलं.

परीक्षा देऊन तू तिकडे अधिकारी झालास तेव्हा सगळे हळहळले. मी नाही. बाहेरून दगड मारण्यापेक्षा आत जाऊन घर झाडावं, असं तू म्हणालास आणि मी मूर्खासारखी खूश झाले. ताई म्हणवून घेते ना! रस्ते-पूल खातं तुझ्याकडे आलं तेव्हा तर ऑफिसभर मिरवले. घर झाडायला गेलेला माणूस कचरा सतरंजीखाली सारायला शिकला, हे आज कळलं.

आज दुपारी तुझ्या सहीचं प्रसिद्धिपत्रक आलं. नदीवरच्या जुन्या पुलाचं सुशोभीकरण. आधी रंगीत दिवे, मग कुंड्या, मग अध्यक्षांचं मनोगत, मग कठड्याच्या रंगाचं कौतुक. काय रे ती भाषा! तूप चोपडल्यासारखी. आणि सगळ्यात खाली, कुणी वाचूच नये अशा बेतानं, एक वाक्य: मधल्या खांबाच्या पायाखालची माती वाहून गेल्याचे तपासणीत आढळले असून जड वाहनांबाबत यथावकाश निर्णय घेण्यात येईल.

जागा कमी पडली की बातमी खालून कापायची, हे तुला मीच शिकवलं. महत्त्वाचं वर, पाल्हाळ खाली. ते वाक्य कुठल्याही पेपरात डोळे मिटून उडवलं जाणार, हे तुला पक्कं ठाऊक होतं. पुढे काही झालंच, तर ‘आम्ही कळवलं होतं’ म्हणायला तू मोकळा. लाच खाणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्यांना निदान भूक तरी असते. तू माझीच विद्या माझ्यावर उलटवलीस. किळस आली मला तुझी.

मी ते वाक्य उडवलं नाही. बाकीचं सगळं उडवलं. खांबाची बातमी उद्या पहिल्या पानावर जाते आहे, तुझ्या नावासकट.

पण पेपर घरोघरी उघडेपर्यंत शाळेच्या गाड्या त्या पुलावर चढलेल्या असतात. मी फक्त छापू शकते. पूल बंद करायची सही तुझ्याकडे आहे. फोन केला की तुझा शिपाई ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ म्हणतो, म्हणून हे पत्र माणूस पाठवून तुझ्या हातात देते आहे. खुर्चीवरून उठायच्या आत पूल बंद कर, म्हणजे सकाळी माझी बातमी शिळी ठरेल. आयुष्यभर शिळ्या बातमीला नाक मुरडलं रे, खुसपट; ही एवढी एक शिळी व्हावी म्हणून तुझ्यापुढे हात जोडते.

संध्याकाळपर्यंत तरी तुझीच,
ताई