दोन मीटर एकसष्ट

८ जानेवारी २०१९, मंगळवार

आधी दुरुस्ती. काल मी इथे लिहिलं की आमच्या शाळेत सहा मुलं आहेत. पाच आहेत. सहावी म्हणजे सरपंच एर्मान्नो यांची नात. ती हजेरीपटावर असते आणि राहते शहरात. चुकीचं लिहून ठेवलेलं मला सहन होत नाही, मग वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नसली तरी. दुसरी दुरुस्ती: घर मोजताना मी घाबरले नाही असं लिहिलं. थोडी घाबरले होते.

बाकी सगळं बरोबर. घर गावातल्या कोंचेत्ताआजीचं, भाडेकरू इस्सूफ. छत दोन मीटर एकसष्ट. नियम दोन मीटर सत्तर. डोंगरी गावांना सूट आहे, पण हजार मीटरच्या वरच्या; आमचं गाव नऊशे चाळीसवर. इस्सूफला बायको आणि तीन मुलं बुर्किना फासोहून आणायची आहेत. त्यासाठी घर राहण्यायोग्य आहे असा आमच्या कचेरीचा दाखला लागतो. 'अयोग्य' असा दाखला आज सही-शिक्क्यासह जिल्ह्याला गेला. जुने मोजणीदार निवृत्त झाल्यापासून मोजणी खातं म्हणजे मी एकटी, आणि हा माझा पहिला स्वतंत्र दाखला.

वाईट वाटलं. पण टेपला नातीगोती नसतात. हे वाक्य मला आपोआप सुचलं. चांगलं आहे.

९ जानेवारी

गावाला कळलं. ३१ जानेवारीपर्यंत गावात राहणाऱ्या आठ मुलांची नावं आली नाहीत तर शाळा जूनपासून बंद. पाच अधिक इस्सूफची तीन, आठ. हे मला माहीत होतं, पण मोजताना मनात आणलं नाही. यालाच निःपक्षपातीपणा म्हणतात.

आई वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात आहे. इस्सूफही तिथेच, म्हाताऱ्यांना उचलतो, आंघोळी घालतो. एकतीस म्हातारे आत, सात जण वेटिंग लिस्टवर. शाळेला वेटिंग लिस्ट नाही. कोंचेत्ताआजी (वय चौऱ्याण्णव, कान अधू, जीभ शाबूत) दुपारच्या जेवणात सगळ्यांसमोर म्हणाली म्हणे, "त्या घरात मी नऊ पोरं वाढवली. एकाचंही डोकं छताला लागलं नाही. मोजणीबाईला म्हणावं, आधी एक तरी काढून दाखव, मग मोज."

आईने हे सांगितलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मी अठ्ठावीस वर्षांची आहे. लग्नाचं डोनातो स्टुटगार्टहून कायमचा आला की बघू. चार वर्षांत दोनदा आला. जर्मनीत सुट्ट्या कमी असतात.

१० जानेवारी

सरपंच टपरीवर, म्हणजे त्यांच्याच बारमध्ये, मला थांबवून म्हणाले, पुन्हा एकदा मोजून बघ ना पोरी. मी म्हटलं, आकडा बदलणार नाही. बारच्या दारावर त्यांच्या पक्षाचं पोस्टर आहे, बाहेरच्यांना थांबवा म्हणून. मी नुसतं त्याच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "अगं, ते बाहेरच्यांसाठी. इस्सूफ आपला आहे."

सरकारकडून दोनशे पत्रकं आली आहेत, जास्त मुलं जन्माला घाला अशी. वाटायची जबाबदारी माझी. गावात पंचेचाळीसच्या आतल्या बायका चार. त्यातली एक मठातली जोगीण, एक मी. उरलेली पत्रकं कपाटात ठेवली.

१२ जानेवारी, शनिवार

नियमपुस्तिका पुन्हा वाचली. सहज. पान त्रेचाळीस, तळटीप: छताला उघड्या तुळया असतील तर उंची तुळईच्या खालून मोजू नये, वरच्या फळीपासून मोजावी.

मी तुळईच्या खालून मोजली. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात प्रामाणिक, असं मला वाटलं होतं.

तुळई चौदा सेंटिमीटर. म्हणजे उंची दोन मीटर पंचाहत्तर. म्हणजे घर योग्य आहे.

घाबरण्यासारखं काही नाही. एक दुरुस्तीपत्र, चार ओळी, दहा मिनिटांचं काम. सोमवारी सकाळी नऊला.

१४ जानेवारी, सोमवार

नऊला सरपंच आले, सोबत सगळे सदस्य. माझ्या टेबलासमोर उभे राहून म्हणाले, ही बघा, नुन्झिओ गुराख्याची पोर. मी सांगूनही हलली नाही, अशी माणसं हवीत कचेरीत. सदस्यांनी टाळ्या वाजवल्या. माझं कंत्राट २८ फेब्रुवारीला संपतं, नवं करायचं की नाही ते हेच ठरवणार.

त्यानंतर लगेच चूक सांगणं बरं दिसलं नसतं. त्यांचाच अपमान झाला असता. उद्या.

१५ जानेवारी

बाबांनी बारमध्ये सगळ्यांना माझ्यावतीने पाजली. बाबा तिसरी शिकलेत, आई पाचवी. मी आमच्या घरातली पहिली जिच्या सहीखाली शिक्का उमटतो. बाबा म्हणत होते, आमची पोरगी चुकत नाही. हे मी ऐकलं नाही, आईने सांगितलं. दुरुस्तीपत्र उद्या.

१७ जानेवारी, गुरुवार, संत अंतोनियोची होळी

चौकात दरवर्षीसारखी लाकडं रचली. पूर्वी प्रत्येक घरातलं पोर एकेक ओंडका आणायचं. यंदा इस्सूफने एकट्याने सगळे वाहिले. सॉसेज खाल्लं नाही, घेवडा खाल्ला.

मी ठरवलं होतं की त्याला तिथेच सांगायचं. माणसाला आधी, कागदाला नंतर. तोच माझ्याजवळ आला. फोनवर मुलांचे फोटो दाखवले. थोरला रास्माने दहाचा, सालिमाता आठची, धाकटी नेमातू सहाची; नेमातूने त्याला तिच्या दुसऱ्या वर्षानंतर पाहिलेलं नाही. मग विचारलं, "मोजणीबाई, छत वर जाणार नाही हे मला कळलं. जमीन खाली गेली तर चालेल का?"

मी म्हटलं, चालेल.

तांत्रिकदृष्ट्या हे बरोबर उत्तर आहे.

१८ जानेवारी

फरशी नऊ सेंटिमीटर खोल करण्याचा अर्ज आला. मी चाळीस मिनिटांत परवानगी दिली. आमच्या कचेरीच्या इतिहासात एवढ्या लवकर कोणाला काही मिळालेलं नाही. मदत अशी करायची असते, नियमात राहून. आणि फरशी खाली गेली की दुरुस्तीपत्राची गरजच उरणार नाही. चूक कोणाला न दुखवता मिटेल. मन हलकं झालं. दोन वाट्या डाळीचं सूप प्यायले.

दुरुस्ती: एक वाटी.

२१ जानेवारी, सोमवार

अख्खं गाव खणतंय. गाव म्हणजे सरपंच, बाबा आणि आणखी पाच जण. सरासरी वय बहात्तर. बाबा कमरेला पट्टा बांधून. सरपंच कुदळ कमी मारतात, सूचना जास्त देतात. आजीने आश्रमातून निरोप पाठवला, माझं घर आहे, विहीर खणू नका. इस्सूफ ड्यूटी संपवून येतो आणि एकटा तिघांएवढं खणतो. फोन खिडकीत टेकवून ठेवतो. पलीकडे मुलं बघत असतात. प्रत्येक सेंटिमीटरला टाळ्या.

रोज संध्याकाळी मोजायला मला बोलावतात. मी तुळईच्या खालून मोजते. आता मधेच पद्धत बदलली तर संशय येईल.

आज चार सेंटिमीटर.

२३ जानेवारी

सहा सेंटिमीटरवर खडक लागला. घर खडकावर बांधलेलं आहे. तीन सेंटिमीटर उरले.

बाबा घरी आले, बूट काढता येईनात, मी काढले. म्हणाले, आमच्या वेळी दाई आत यायची तेव्हा टेप आणत नव्हती. मग म्हणाले, पण नियम तो नियम, तू बरोबर आहेस.

मी दुरुस्तीपत्राचा मसुदा केला. 'माझ्याकडून चूक झाली' हे फार व्यक्तिगत वाटतं. 'चूक घडल्याचे आढळले' हे बरं. कोणाला आढळले? तिथे अडले. एकूण सात मसुदे. सातवा खरंच चांगला आहे.

२५ जानेवारी, शुक्रवार

उद्या खालच्या गावातून कंप्रेसरवालं ड्रिल आणणार. मी सरपंचांना म्हटलं, दगडी घर आहे, जपून. ते म्हणाले, मग तू दुसरा उपाय सांग.

मला वाटतं तेव्हा मी बोलणार होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

सोमवारी पत्र. नक्की. पोस्टाने नाही, स्वतः जिल्ह्याला नेऊन देणार.

२६ जानेवारी, शनिवार

पूर्वेची भिंत तडकली. वरपासून खालपर्यंत, हात जाईल एवढी. ड्रिल सुरू करून अर्धा तासही झाला नव्हता. कोणाला लागलं नाही. बाबा बाहेर पायरीवर बसून राहिले. इस्सूफने आधी फोन खिडकीतून काढून खिशात ठेवला, मग भिंतीकडे बघितलं.

तीन सेंटिमीटर मात्र मिळाले. मोजलं. दोन सत्तर बरोबर.

२८ जानेवारी, सोमवार

घर धोकादायक जाहीर करून मोकळं करायचा आदेश काढावा लागला. सही माझीच. दारावर पट्टी लावली. इस्सूफ आश्रमाच्या सामानाच्या खोलीत राहायला गेला. आईने तिथले बटाटे हलवले.

आज दुरुस्तीपत्र नेणार होते. पण विचार केला तर घर आता खरोखरच राहण्यायोग्य नाही. म्हणजे माझा ८ तारखेचा दाखला आज अक्षरशः खरा आहे. खऱ्या दाखल्याची दुरुस्ती कशी करणार? हा प्रश्न साधा नाही. घाई नको.

३१ जानेवारी

पाच.

शिक्षिका ओर्नेल्लाबाई शाळा संध्याकाळी पाचपर्यंत उघडी ठेवून बसल्या होत्या, कोणी आलंच तर म्हणून. गावात दुसरं कोण येणार, ते त्यांनाही माहीत होतं. जूननंतर बस, बावीस किलोमीटर, सगळी वळणं. पाचातल्या दोन घरांनी खालीच भाड्याने जागा बघायला सुरुवात केली आहे. चुका शोधायच्या म्हटलं तर चूक जन्मदराची आहे. मी आकडे पाहिले. गावात शेवटचं बाळंतपण २०१५ साली झालं, तेव्हा मी कचेरीत नव्हतेच.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

इस्सूफ कचेरीत आला. उत्तरेत ब्रेशिया शहराजवळ एका गोदामात काम मिळालंय, गावच्या रहिवासी नोंदीतून नाव कमी करायचं होतं. मी फॉर्म काढला. ब्रेशिया हे त्याने बरोबर लिहिलं होतं, मी उगाच दोनदा तपासलं.

सगळ्यांचा निरोप घेतला म्हणाला. आजीने त्याला तिच्या नवऱ्याचा कोट दिला. सरपंच रडले आणि म्हणाले की हे सगळं वरच्या लोकांमुळे. मग तो माझ्या टेबलाशी वाकून हळू म्हणाला, "ताई, तुमच्यावर राग नाही. ज्यांनी ज्यांनी माझे कागद पाहिले, त्यात तुम्हीच एकट्या खरं लिहिलंत. बाकीचे गोड बोलून फिरवायचे."

सातवा मसुदा ड्रॉवरमध्ये होता. हात ड्रॉवरवर होता. मी म्हटलं, प्रवास सांभाळून करा.

शिक्का जरा तिरका बसला. दुसरा फॉर्म घेऊन नीट मारला.

२८ फेब्रुवारी

कंत्राट दोन वर्षांसाठी नवं झालं. ठरावात शब्द आहे 'सचोटी'. बाबांनी तो कागद चौकटीत बसवायला दिला. डोनातोला कळवलं. त्याने अंगठा पाठवला.

आता मात्र नोकरी जाण्याची भीती नाही, तेव्हा पत्र द्यायला काहीच अडचण नाही. बरं झालं थांबले ते.

१९ मार्च

इस्सूफचा आजीला फोन आला होता, आईने कानाला धरला. एका खोलीत तो धरून चार कामगार राहतात. तिथे छत उंच आहे, पण माणशी जागा कमी भरते, त्यामुळे दाखला नाही. मोठं घर बघितलं. मालकाने नाव ऐकून फोन ठेवला. सालिमाता विचारत असते, जमीन अजून किती खाली जायची राहिली. त्याने तिला सांगितलेलंच नाही. आजी म्हणाली, "माझ्या घरात असतीस गं पोरी, तर डोकं लागलं नसतं," आणि मग ताट पुढे ढकललं.

आईने विचारलं, तू का जेवत नाहीस.

२८ मार्च, गुरुवार

ओर्नेल्लाबाई नकाशे गुंडाळत होत्या, मी एक टोक धरलं. युरोपचा नकाशा, कडा फाटलेल्या. त्या म्हणाल्या, खरंच तेवढं कमी होतं का गं छत? मी म्हटलं, दोन एकसष्ट. हे मी आत्तापर्यंत इतक्यांदा म्हटलंय की आता ते म्हणताना काहीच होत नाही. म्हणून इथे लिहून ठेवते: दोन पंचाहत्तर. पहिल्या दिवसापासून दोन पंचाहत्तर.

तेव्हा ठरलं. जिल्ह्याला पत्र, प्रत सरपंचांना, प्रत इस्सूफला ब्रेशियाच्या पत्त्यावर. घर पडीक झालं तरी कागद तरी सरळ होईल. बाबांनाही सांगायचं, चौकट भिंतीवर लागायच्या आत. उद्या शुक्रवार, उद्या दिलेलं पत्र सोमवारपर्यंत कोणी उघडणार नाही. सोमवारी एक एप्रिल, लोकांना थट्टा वाटेल. मंगळवारी आमच्याकडे कोणी नवं काही सुरू करत नाही.

तेव्हा पत्र बुधवारी, ३ एप्रिल २०१९, सकाळी नऊ वाजता.