अकरा डब्यांतल्या आया

ती. वहिनींस,

साष्टांग नमस्कार. (खोली एवढीशी आहे, की खरोखर साष्टांग घातला तर पाय जिन्यात जातील. तेव्हा भाव तेवढा घ्या.) तुमची कंबर कशी आहे? डॉक्टरांनी सांगितलेले गुडघ्याचे व्यायाम दादा करतो, की नुसते तोंडपाठ म्हणून दाखवतो? आठ महिने झाले, माझी ठकू तुमच्या गळ्यात टाकून मी इकडे आले. ती फार छळत नसेल अशी आशा आहे, आणि छळत असेल तर ते वळण तिच्या वडिलांचं. (ते अजून बोटीवरच आहेत. परवा फोन आला होता, लाटांबद्दल दोन वाक्यं बोलले आणि लाइन गेली.) मी मजेत आहे. वजन वाढलंय.

तुम्ही मागे विचारलं होतंत, पीएच.डी. झाल्यावर आता पुन्हा कसलं शिक्षण? वहिनी, हे शिक्षण नव्हे, नोकरी आहे, फक्त कुणाला सांगितली तर खरी वाटत नाही. शेपटीला चिमटा असलेला एक किडा असतो बघा, कुंडी उचलली की खालून पळत सुटतो तो. दिसायला यथातथाच, पण त्याची मादी आईपणात कुणाला हार जायची नाही. अंडी घातली की त्यांच्यापाशी ठाण मांडून बसते, एकेक अंडं चाटून साफ करते म्हणजे बुरशी धरत नाही, आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत स्वतः अन्नाला शिवत नाही. (हे टिपून घेताना मी दोनदा जेवते.) माझं काम असं, की या आईला उचलून वेगळ्या डबीत ठेवायचं, आठ तास थांबायचं, मग परत अंड्यांपाशी सोडायचं आणि ती पूर्वीसारखं त्यांचं करते का ते बघायचं. थोडक्यात, दुसऱ्याच्या सुखी संसारात काड्या घालायच्या आणि वहीत वेळ लिहायची.

त्यातच प्रयोगशाळेत दुरुस्ती निघाली. प्रोफेसर (त्यांना आम्ही मागे भुंगा म्हणतो, विचार करताना नाकातून गुणगुणतात) म्हणाले, चार दिवस तुझ्या डब्या घरी ने. अकरा डब्या मी पलंगाखाली गार फरशीवर मांडल्या. दुसऱ्या दिवशी घरमालकीणबाई नळ गळतो का ते बघायला आल्या, तेव्हा मी पालथी पडून, डोकं पलंगाखाली आणि पाय दारात अशा थाटात अंडी मोजत होते आणि वर एकीची समजूत घालत होते. (थांब गं बाई, थोडा धीर धर, असं काहीसं.) पलंगाखाली कोण आहे हे विचारायचा बाईंना धीर झाला नसावा. त्यांनी आडून आडून विचारलं, तुम्हाला मुलं किती? मी मोजणीच्या नादात म्हटलं, त्रेचाळीस. मग जळमटं झटकत बाहेर आले आणि एकच हो, म्हणून सांगितलं, पण तोवर त्या अर्धा जिना उतरल्या होत्या. हल्ली मला बघून बाजूला सरून उभ्या राहतात. काल मात्र दाराशी वाडगाभर सूप ठेवून गेल्या.

आता त्या चार दिवसांतली खरी भानगड सांगते. वेगळी काढलेली आई डबीच्या कडेकडेने फिरत राहते, मिशांनी भिंत चाचपत. आमच्या शास्त्रात हिला कासावीस म्हणायची सोय नाही, हालचाल वाढली असं लिहायचं. मी तसं लिहिलं. तीन तास लिहिलं. मग माझ्याच्याने बघवेना. उचललं आणि ठेवलं तिला तिच्या अंड्यांपाशी. बरं, एकीला सोडल्यावर बाकीच्यांनी काय घोडं मारलं होतं? अकराही जणींना सोडून मोकळी झाले आणि वहीत लिहिलं, आठ तास. या कामात आजवर मी एक आकडा खोटा लिहिला नव्हता वहिनी, आणि लिहिला तो किड्यांसाठी.

भुंगा हरखले. आठ तासांनंतरही एकही आई अंडी विसरली नाही, म्हणजे केवढी गोष्ट! त्यांनी वर कळवून माझी मुदत सहा महिने वाढवून घेतली आणि सगळ्यांसाठी केक आणला. माझा तुकडा मी तसाच कागदात गुंडाळून घरी आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन सगळं कबूल केलं. ते ओरडले नाहीत. बराच वेळ गुणगुणले आणि म्हणाले, मग हे सगळं पुन्हा करावं लागेल, नव्या आया, नवी अंडी, सहा महिने तरी लागतील. खोटं बोलले तरी सहा महिने, खरं बोलले तरी सहा महिने. शुक्रवारपर्यंत हो की नाही ते सांगायचंय.

बाकी सर्व ठीक. दादाला नमस्कार, ठकूला पापा.

तुमची धाकटी नणंद

ता. क. पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं तेच राहिलं. ठकूला आणखी सहा महिने ठेवून घ्याल का? तुमच्यापाशी तिचं छान चाललंय. तुम्ही हो म्हणाल हे मला ठाऊक आहे.

ता. क. दुसरा. हो म्हणू नका. कार्टी ऐकत नाही, कंबर साथ देत नाही, काय वाट्टेल ते कळवा. रविवारी फोनवर ठकू म्हणाली, मला आता बटणं लावता येतात, मामीने शिकवलं, आणि शाळेचे बूट आणले की मामी नाडी बांधायला पण शिकवणार आहे. मी म्हटलं, शहाणी गं माझी बाई. ती म्हणाली, ठेव आता, मला काम आहे. मी ठेवला आणि एकच डबी चारदा धुतली. तुमच्यावर राग नाही हो. तुम्ही तिचं पोटच्या पोरीसारखं करता म्हणून तर मी इथे येऊ शकले. पण रडले, ते तुमच्यापासून कशाला लपवू?

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायच्या आधी भुंग्यांना भेटून आले. शुक्रवारपर्यंत थांबलेच नाही, नाही म्हणून सांगितलं. ते म्हणाले, बरोबर आहे, या कामाला घड्याळ पाळणारं माणूस हवं. राहिलेलं लिखाण घरून पुरं करायचं ठरलंय. वीस तारखेला पोचते. ठकूला आत्ताच सांगू नका, उगाच दिवस मोजत बसेल. बूट खुशाल आणा, पण नाडी शिकवू नका. तेवढं माझ्यासाठी ठेवा.