आपाचा गजर

रविवार, संध्याकाळ

रोज आवडलेलं गाणं, एखादी बातमी कॉलेजमित्रांच्या ग्रुपवर टाकायची माझी सवय. सोमवारी हळर्णच्या देवळात आमच्या भजनी मंडळाची तालीम होती. चुलतभाऊ आपाने स्पर्धेसाठी गजराला नवी चाल बांधली होती. इतकी आवडली की मोबाईलवर घेतली आणि टाकली. सतरा अंगठे आले.

आज डिचोलीच्या स्पर्धेत शेजारच्या गावच्या मंडळाने आमच्या आधी तोच गजर म्हटला, त्याच चालीत. त्यांचा पखवाजवाला आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर आहे. अंगठा त्यानेही दिला होता, निर्लज्जाने.

मंडपाबाहेर आपा सगळ्यांदेखत म्हणाला, "इतको शिकलंस, पण गप ऱ्हवाक शिकलंस नाय. आता आमी म्हटलो तर लोक आमकाच चोर म्हणतले." मंडळाने नाव मागे घेतलं.

चूक माझी, तरी राग आपाचाच आला. अजून आहे. चाल आवडली म्हणून टाकली, की माझा शोध म्हणून मिरवायला? सतरा अंगठे मी मोजले होतेच.

एक मात्र खरं लिहितो. त्यांनी गजर आमच्यापेक्षा सरस म्हटला. तेव्हा माझा पाय ठेका धरत होता, आणि शेजारी बसलेला आपा माझ्या पायाकडे बघत होता.